पहिल्या हंगामात माझे ९१,५०० रुपये उधारीत कसे अडकले: घरगुती उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी

मी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकते. दर वर्षी होळी झाली की बायकांचे फोन सुरू होतात. ताई, मलाही पापड-बिबड्यांचा धंदा करायचाय. मशीन कोणतं घेऊ, कर्ज कोणती बँक देते, पिशव्या कुठून आणता, लेबल कोण छापून देतं? प्रश्न सगळे बरोबर असतात. पण दुकानात माल ठेवल्यावर पैसे कधी आणि कसे मागायचे, हे आजवर एकीनेही विचारलेलं नाही. मीसुद्धा २०१८ साली कुणाला विचारलं नव्हतं. त्या न विचारलेल्या प्रश्नापायी माझी गळ्यातली पोत पावणेदोन वर्षं गहाण होती. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी अमळनेरची. माहेर पारोळा तालुक्यातलं. नवरा कापडाच्या दुकानात कामाला, दोन मुलं, आणि घरात सासू, जिला आम्ही सगळे जिजी म्हणतो. बिबडे करायला मला कुणी वेगळं शिकवलं नाही. खान्देशातल्या घरात ते बघतच पोरी मोठ्या होतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, वाळवून भरड दळायची आणि चाळून पीठ वेगळं, कणी वेगळी करायची. पहाटे चारला चूल पेटते. आंधणात मीठ, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण आणि तिखट पडतं. आधी कणी शिजते, मग पीठ वैरून दोघींनी मिळून घोटायचं. एकीच्या हाताने ते फिरतच नाही. तो गरम घाटा वाटीत घेऊन वर कच्चं शेंगदाणा तेल घालून मुलं खातात, तोवर आम्ही ओल्या धोतराच्या फडक्यावर थापायला बसलेल्या असतो. आठच्या आत खाटा भरल्या पाहिजेत. नंतर ऊन इतकं चढतं की फडक्यावरचा बिबडा उचलायच्या आधीच कडेने तडकतो.

हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिलं, कारण आपण बायका सगळा जीव त्या घोटण्यात आणि थापण्यात ओततो. चव चांगली, माल स्वच्छ, रंग एकसारखा, मग झालं, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

२०१८ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत आम्ही पाच जणींनी मिळून १,४०० किलो बिबडे केले. गल्लीतल्या तिघी रोजाने होत्या, शिवाय मी आणि जिजी. पैसा कुठून आणला तेही सांगते. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० रुपये, बचत गटातून ४०,०००, घरात साठवलेले ३५,००० आणि पोत गहाण ठेवून ४५,०००. किलोमागे खर्च असा होता: ज्वारी ३२ रुपये, तीळ-लसूण-जिरं-मिरची २२, दळण आणि सरपण १४, मजुरी ४०, पिशवी-लेबल ६, दुकानापर्यंत पोहोचवायचे ८. एकूण १२२. दुकानदाराला मी १५० ने द्यायचे. किलोला २८ रुपये सुटत होते. १,४०० गुणिले २८ म्हणजे ३९,२०० रुपये. हा आकडा मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, धुळे मिळून २२ दुकानांत माल दिला. सगळीकडे एकच वाक्य ऐकलं: “ठेवून जा ताई, विकला की पैसे देतो.” मला वाटलं, किती चांगली माणसं! ओळख ना पाळख, नव्या बाईचा माल ठेवून घेतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरात एक किलोसुद्धा उरला नव्हता. धंदा जमला म्हणून जिजींनी मारुतीला नारळ फोडला.

दिवाळीच्या आधी हिशेब केला तेव्हा २,१०,००० रुपयांच्या मालापैकी १,१८,५०० रुपये आले होते. ९१,५०० दुकानांत अडकले होते. खर्च तर १,७०,८०० रुपये आधीच होऊन गेला होता. म्हणजे डायरीत ३९,२०० रुपयांचा नफा दिसत होता आणि हातात ५२,३०० रुपयांची खोट होती. माल एकच, हंगाम एकच, हिशेबही खरा, आणि दोन आकडे असे एकमेकांच्या उलट. हे मला उमगायला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री मी बेरीजच चुकली म्हणून तीनदा केली.

इथे जरा थांबा आणि माझ्याबरोबर हा हिशेब करा, घाई करू नका. एक किलो बिबड्यांचे पैसे बुडाले तर माझे किती गेले? मी आधी म्हणायचे, २८ रुपये नफा गेला. तसं नाही. माझ्या खिशातून १२२ रुपये रोख बाहेर गेलेले असतात. ते १२२ परत मिळवायचे तर २८-२८ करून दुसरे जवळजवळ साडेचार किलो बिबडे विकावे लागतात. आणि त्या साडेचार किलोचे पैसे रोख यायला हवेत. एका दुकानाने १० किलोचे पैसे दिले नाहीत, तर ४४ किलोची पहाट, घोटणं, थापणं आणि पाच जणींची उठबस त्या एका दुकानापायी फुकट जाते. आमचा दिवसाचा माल २५ किलो. म्हणजे पावणेदोन दिवस आम्ही त्या दुकानदारासाठी फुकट राबलो. हे मी कागदावर लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं आहे. तुमचा माल वेगळा असेल, मसाला असेल, गोधड्या असतील, मातीचे दिवे असतील. तुमच्या वस्तूचा हा एक भागाकार आज रात्रीच करून ठेवा: एका नगाला लागलेला रोख खर्च भागिले त्याच नगामागचा नफा.

आणि “विकला की देतो” याचा अर्थ काय होतो तेही नीट समजून घ्या. माल विकला गेला की नाही हे फक्त दुकानदाराला कळतं. कधी विकला, तेही त्यालाच कळतं. तो कुठल्या फळीवर ठेवायचा, पुढे की मागे, उन्हात की सावलीत, हेही तोच ठरवतो. त्याचा एक रुपया गुंतलेला नसतो. शेजारी ठेवलेला कंपनीचा पापड त्याने रोख घेतलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की हात साहजिकच त्या पापडाकडे जातो. हे लबाडीने होतं असं नाही. माझे पैसे गुंतले असते तर मीही तेच केलं असतं.

श्रावणात मी वसुलीला एका तालुक्याच्या गावी गेले होते. एसटीने जायला ४५ रुपये, यायला ४५. दुकानदार म्हणाले, “ताई, अजून माल पडून आहे, बघा ना.” खरंच पडून होता. दर्शनी काचेमागे, थेट उन्हात, आठ पिशव्या उभ्या ठेवलेल्या. एक उचलून फोडली. तिळाला खवट वास सुटला होता. खालच्या चार पिशव्यांत अख्खा बिबडा एकही नाही, सगळा चुरा. ते शांतपणे म्हणाले, “हा परत घेऊन जा.” त्यांनी मला ६०० रुपये दिले आणि चुऱ्याचे कापून घेतले. किती कापले ते मी विचारलं नाही. डायरीत २० किलो लिहिलं होतं, ते म्हणाले १५ दिले होते. माझी डायरी माझ्याच हातची. त्यांची सही कुठेच नव्हती, बिल नव्हतं, चिठ्ठीसुद्धा नव्हती. भांडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. परतताना एसटीत चुऱ्याची पिशवी मांडीवर होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

त्या दुकानदारावर माझा आज राग नाही. राग आहे तो सही न घेतल्याचा.

आता कुणी म्हणेल, मग दुकानात द्यायचंच नाही का? द्यायचं. पण नव्या माणसाने पहिल्या वर्षी उधार द्यायचं नाही, एक किलोही नाही. हे मी ठासून सांगते. कुणी हसेल, कुणी म्हणेल, “बाजारात असं चालत नाही.” चालतं. पाच किलोच घ्या पण रोख घ्या, असं म्हटल्यावर २२ पैकी तीन दुकानांनी घेतलं. ती तीन दुकानं आजही आहेत. बाकीची १९ माझी कधी नव्हतीच. मी फक्त त्यांचं गोदाम भरून दिलं होतं.

हे मला ज्यांनी दाखवलं ते आमच्या गल्लीतले नाना. आयुष्यभर एका तेलाच्या गिरणीत मुनीम होते. मी डायरी घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले, तेव्हा त्यांनी आधी एक बिबडा भाजून मागितला, खाल्ला आणि म्हणाले, “तुना माल चांगला शे बेटी, पन पैसा कोठे शे?” मग त्यांनी नव्या वहीत तीन रकाने आखून दिले: बनवला, दिला, आला. म्हणाले, पहिले दोन रकाने झाकून ठेव आणि दर शनिवारी फक्त तिसरा वाच. तेवढाच तुझा धंदा. मी अजून तसंच करते. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की वही काढते आणि डावा हात पहिल्या दोन रकान्यांवर ठेवते.

त्याच वर्षी मी एका हॉटेलातल्या दोन दिवसांच्या ‘उद्योजक व्हा’ शिबिराला ६,५०० रुपये भरले होते. तिथे टाळ्या भरपूर वाजल्या, मोठी स्वप्नं कशी पाहायची ते सांगितलं, पण उधारी हा शब्द दोन दिवसांत एकदाही निघाला नाही. माझं मत कडक आहे आणि मी ते बदलणार नाही: ज्याने स्वतः कधी वसुलीसाठी दुकानाची पायरी चढली नाही, त्याच्याकडून धंद्याचा सल्ला पैसे देऊन घेऊ नका. तुमच्या गावात एखादे निवृत्त मुनीम, एखादी जुनी आडत सांभाळलेली व्यक्ती नक्की असेल. चहा-बिबडा घेऊन त्यांच्याकडे जा. आणि प्रशिक्षणच हवं असेल तर बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिथे ते मोफत मिळतं.

मोठ्यांची उदाहरणं आपल्याकडे सारखी दिली जातात. अमळनेरात तर विप्रोचं नाव निघतंच. १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून ती कंपनी सुरू झाली. जळगावला भवरलालजी जैन यांचं नाव निघतं. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा माणूस, १९६३ मध्ये घरची ७,००० रुपयांची पुंजी घेऊन रॉकेलच्या धंद्यात उतरला आणि पुढे ठिबक सिंचनापर्यंत पोहोचला. हे ऐकून मलाही बळ येतं. पण त्या गोष्टीत नवख्या माणसाने बघायचं ते शेवटचं पान नाही, पहिलं. रॉकेल म्हणजे तेव्हा घराघरात रोज लागणारी वस्तू. आज आणली, आज विकली, उद्या परत आणली. अशी वस्तू हातात असली की छोटी पुंजी फिरती राहते. माझे बिबडे वर्षाला एकदाच होतात. मार्चमध्ये घातलेला रुपया दिवाळीपर्यंत परत आला नाही, तर पुढच्या मार्चला ज्वारी कशाने घ्यायची? आपली वस्तू रोजची आहे, हंगामी आहे की सणाची, हे आधी ठरवा, मग कुणाच्या वाटेने जायचं ते बघा.

२०१९ च्या फेब्रुवारीत माझ्याकडे ज्वारी घ्यायला खरंच पैसे नव्हते. बंद करायचं असं जवळपास ठरलं होतं. जिजी म्हणाल्या, आपल्याकडे पैसा नसेल, हात तर आहेत. गल्लीतल्या नोकरी करणाऱ्या बायकांना वेळ नसतो, सुना बाहेरगावी असतात, त्यांचे बिबडे करून देऊ. ज्वारी त्यांची, तीळ-लसूण त्यांचं, काम आपलं. किलोला ६५ रुपये मजुरी लावली. दळण, सरपण आणि बायकांचा रोज धरून ५४ जायचे, ११ उरायचे. कुठे २८ आणि कुठे ११! पण ते ११ त्याच संध्याकाळी हातात पडायचे आणि त्यासाठी मला ज्वारीचा एक दाणा विकत घ्यावा लागत नव्हता. शिवाय त्या ५४ मध्ये माझी आणि जिजींची मजुरी पहिल्यांदाच वेगळी धरली होती आणि ती घरातच राहत होती. त्या हंगामात ६०० किलोचं मजुरीचं काम केलं.

नवीन कुणी विचारलं तर मी आता हेच सांगते: पहिलं वर्ष मजुरीवर काढा. कमीपणा वाटून घेऊ नका. तुम्ही मसाला करत असाल तर लोकांच्या मिरच्या कुटून द्या. नंदुरबारहून पोतंभर मिरची आणून उन्हात पसरायची घाई करू नका. शिवणकाम असेल तर कापड गिऱ्हाईकाचं घ्या. वर्षभरात तुमचा हात किती वेगाने चालतो, दिवसाला खरंच किती माल निघतो, कुठल्या बाईचं काम एकसारखं होतं, पावसाळी हवेत काय बिघडतं, हे सगळं दुसऱ्याच्या कच्च्या मालावर शिकून होतं. मशीन त्यानंतर. मशीनच्या फोटोवर भाळून पहिल्याच वर्षी कर्ज काढणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. दोघींचं मशीन आज जुन्या साडीखाली झाकलेलं आहे.

स्वतःचा मालही थोडा केला, ४०० किलो. पण आधी विकून मग केला. हे कसं जमलं ते सांगते. आमच्या भावकीतली बरीच माणसं सुरतला आहेत, उधना, लिंबायत, पांडेसरा भागात. खान्देशातून तिकडे पोट भरायला गेलेल्यांची वस्तीच आहे ती. फ्लॅटमध्ये खाट टाकायला गच्ची नाही, चूल पेटवायला अंगण नाही, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गावची आठवण येतेच. नणंदेने तिच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो टाकले. मी एकच अट घातली: आखाजीच्या आधी हवे असतील तर होळीपर्यंत निम्मे पैसे पाठवा, उरलेले पार्सल निघायच्या आदल्या दिवशी. किलोला १८० रुपये, पार्सलचा खर्च वेगळा. मला भीती होती की अनोळखी बाईला आगाऊ पैसे कोण देईल. पहिल्या आठवड्यात ११ जणींनी दिले. ज्या वस्तूची कुणाला आठवण येते, तिच्यासाठी माणूस आधी पैसे द्यायला तयार असतो, आणि दुकानाच्या फळीवर तिची आठवण कुणालाच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग पिंपरी-चिंचवडचे खान्देशी जोडले गेले. खोकं-बिकं जाऊन किलोला ६० रुपये सुटले. ४०० किलोचे २४,००० आणि मजुरीच्या कामातले ६,६००, एकूण ३०,६००. आदल्या वर्षीच्या कागदावरच्या ३९,२०० पेक्षा कमीच. पण हे सगळे तिसऱ्या रकान्यातले होते.

माझा भाचा धुळ्याला लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याचं काम कलेचं, माझं पोटाचं, पण खड्डा एकच निघाला. लग्नात १०,००० बयाणा घ्यायचा, चार दिवस राबायचा, रात्र-रात्र एडिटिंग करून पेनड्राइव्ह देऊन टाकायचा आणि उरलेल्या पैशांसाठी वर्षभर फोन करायचा. “अरे, घरचंच कार्य होतं, देऊ ना!” आता तो निम्मे आधी, तीस टक्के हळदीच्या दिवशी आणि उरलेले घेतल्यावरच पूर्ण व्हिडिओ देतो. त्याआधी फक्त तीन मिनिटांचा तुकडा दाखवतो. रांगोळी, मेंदी, केक, चित्रं, काहीही करत असाल तरी हे लागू आहे. आपल्याकडे कलेचे पैसे मागायला संकोच वाटतो, समोरच्यालाही द्यायची घाई नसते. रक्कम तोंडाने मागवत नसेल तर कागदावर छापून पुढे करा. तो पहिल्या वर्षी मागायला लाजायचा, म्हणून आम्ही त्याला दरपत्रकच छापून दिलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. खाण्याची वस्तू असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करा. मी पहिल्या वर्षी केली नव्हती, ती चूक होती. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला मूळ नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. तुम्ही करताना आताचे नियम बघून घ्या. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना, घटक आणि हिरवा ठिपका लेबलवर हवाच. उद्यम नोंदणी आधारवर घरबसल्या होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, एक रुपया देऊ नका.

उद्यम नोंदणीचा एक उपयोग मात्र उधारीशी जोडलेला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने १५ दिवसांत द्यायचे असतात, आणि लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढीने. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही बदल झाला. अशा लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करात धरता येत नाही. गल्लीतल्या किराणा दुकानावर याचा फारसा धाक बसत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पण मोठं स्टोअर किंवा ठोक व्यापारी असेल तर त्यांचा सीए हे बरोबर ओळखतो. त्यासाठी बिल हवं, बिलावर उद्यम क्रमांक हवा आणि माल मिळाल्याची सही हवी. पुन्हा सहीवरच आले. बिलबुक दीडशे रुपयांत छापून मिळतं. ते नसल्याने माझे २१,००० रुपये कायमचे गेले. दोन दुकानं बंदच झाली, बाकीच्यांकडे मीच जाणं सोडलं.

अनुदानाबद्दल विचारणाऱ्यांना एक सावधगिरी. अन्न प्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत, २०२० मध्ये आलेल्या पीएमएफएमईत, ३५ टक्के अनुदान ठरलं होतं, कमाल १० लाख. योजना चांगली आहे. कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा. पण ते अनुदान तुमच्या हातात रोख पडत नाही. ते बँकेत वेगळं राहतं आणि तीन वर्षं खातं नियमित असेल, उद्योग चालू असेल तर कर्जात वळतं होतं. माझी एक मैत्रीण ते पैसे येतील म्हणून ज्वारी उधार घेऊन बसली होती. मशीनसाठी कर्ज मिळतं, पण ज्वारी, मजुरी, पिशव्या यांच्यासाठी लागणारं खेळतं भांडवल वेगळं मागावं लागतं. अर्ज भरतानाच ते मागा.

हे सगळं वाचून मन कच्चं करू नका. ९१,५०० रुपये अडकूनही आम्ही उभे राहिलो, आणि माझ्यामागे ना शेती होती ना कुणी मोठा भाऊ. गावात दहा बायका बिबडे करत असतील तरी अकरावीला जागा आहे, कारण दर वर्षी एखाद्या घरात खाट टाकणं बंद होतं. चवीबद्दल शंका असेल तर ती सोडून द्या, ती तुमच्या हातात आहेच. भीती ठेवायची असेल तर फक्त तिसऱ्या रकान्याची ठेवा.

पार्सलचं सांगायचं राहिलं. सुरतला पहिलं खोकं पाठवलं तेव्हा निम्मे बिबडे रस्त्यातच मोडले होते. आता २०-२० ची चळत करते, दोन चळतींच्या मध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि बिस्किटांची जाड खोकी किराणा दुकानातून पाच रुपयांना आणते. त्याच रोख घेणाऱ्या तीन दुकानांतून. तरी थोडा चुरा होतोच. आधी मी तो घरात ठेवायचे. मग उधन्याच्या एका काकूंनी फोन करून विचारलं, चुरा वेगळा मिळेल का? कच्चं तेल, कांदा, तिखट, भाजलेले शेंगदाणे घालून त्यांचे मिस्टर कारखान्यातून आल्यावर तेच खातात. तेव्हापासून चुऱ्याची अर्ध्या किलोची पिशवी करते, ५० रुपयांना. या वर्षी ३८ पिशव्या गेल्या, सगळ्यांचे पैसे आधी आले.